रेकीत सातत्य कसं राखावं (बीड जिल्हा आवृत्ती)

अभिनंदन! शनिवार-रविवार मंगल कार्यालयात सतरंजीवर बसून तुम्ही रेकीची, म्हणजे तळहातांनी ऊर्जा देण्याच्या जपानी विद्येची, पहिली पायरी पूर्ण केलीत. मास्टरांनी मागून येऊन डोक्यावर हात ठेवला, शक्तिपात केला, दुपारी पुरीभाजी आणि संध्याकाळी प्रमाणपत्र दिलं. ते तुम्ही लॅमिनेट करून घेतलंत, हॉलमध्ये आल्या-गेल्याला दिसेल असं टांगलंत, फोटो स्टेटसला ठेवलात. सोमवारपासून साधना, म्हणून पहाटे पाचचा गजर लावलात. आणि सोमवारी पहाटे पाचला, बरोबर नऊ दिवसांनी, नळाला पाणी आलं.

बहुतेकांची रेकी इथेच संपते. तुमची संपू नये म्हणून हे मार्गदर्शन.

शिबिरात एक गोष्ट तुम्हाला निक्षून सांगितली असेल: शक्तिपातानंतर एकवीस दिवस खंड न पाडता स्वतःला रेकी द्यायची, म्हणजे शरीराची आणि चक्रांची शुद्धी होते. आता आपल्या जिल्ह्यात एकवीस दिवस सलग चालणारी गोष्ट दाखवा. पाऊस चालत नाही. लाईट चालत नाही. दसरा झाला की निम्मी गावं ऊसतोडीला जातात, मग शाळेचा पटही चालत नाही. रेल्वेची वाट बघण्यात मात्र आपण पिढ्यानपिढ्या खंड पडू दिला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला गाडी आली आणि तेवढं एक सातत्यही गेलं. अशा मुलखात साधना टिकवायची तर जपानी पद्धत जशीच्या तशी वापरून भागत नाही. पुढच्या सूचना क्रमाने पाळा.

१. आधी परंपरा पाठ करा

साधना राहिली तरी चालेल, परंपरा तोंडपाठ पाहिजे, कारण लोक विचारतात ती परंपराच.

तेव्हा लिहून घ्या. मिकाओ उसुई, जन्म १५ ऑगस्ट १८६५. ही तारीख फार सोयीची आहे. शाळेतलं झेंडावंदन उरकून घरी आलात की त्याच पांढऱ्या कपड्यांत गुरूंच्या फोटोला हार घालता येतो, वेगळी रजा टाकावी लागत नाही. १९२२ साली ते क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवस उपाशी बसले आणि त्यांना ही विद्या मिळाली. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे जपानी नौदलातले माजी अधिकारी. हात कुठे, कोणत्या क्रमाने ठेवायचे याची शिस्त त्यांनी बसवली, असं सांगा. ऐकणाऱ्याला ते पटतं. फौजेतला माणूस म्हटल्यावर शिस्त आलीच. मग हवाई बेटांवरच्या हवायो ताकाता. १९३५ साली त्या आजारी म्हणून तोक्योला आल्या, बऱ्या झाल्या, शिकल्या आणि पुढे ही विद्या अमेरिकेत घेऊन गेल्या. तिथून ती १९८०च्या दशकाच्या शेवटी भारतात आली, नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांत रुळली आणि नंतर एसटीने आपल्याकडे पोचली.

एका ठिकाणी सांभाळून बोला. ताकाताबाई सांगत की उसुई हे ख्रिस्ती शाळेचे प्रमुख होते आणि शिकागो विद्यापीठात शिकले होते. पुढे चौकस लोकांनी विद्यापीठाचं दप्तर तपासलं, त्यात हे नावच निघालं नाही. घाबरायचं कारण नाही. ज्या जिल्ह्यात दर दोन गावांआड पांडव मुक्कामाला राहून गेलेत, तिथे शिकागो सहज खपतं.

उसुईंनी पाच तत्त्वंही सांगितली आहेत: आजच्या दिवसापुरता राग नको, आजच्या दिवसापुरती काळजी नको, कृतज्ञ राहा, आपलं काम नीट करा, सगळ्यांशी मायेनं वागा. ही तत्त्वं वगळलीत तरी चालेल. त्यांना शक्तिपात लागत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही आणि फीसुद्धा नाही. शिवाय सोयाबीनचा भाव ऐकून आल्यावर ‘आजच्या दिवसापुरता राग नको’ हे पाळायला जी ताकद लागते, ती तिसऱ्या पायरीच्या मास्टरांपाशीही बघायला मिळालेली नाही.

२. वेळेचं गणित

संपूर्ण स्व-उपचारात साधारण चोवीस स्थानं: डोळे, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, गळा, छाती, पोट, गुडघे, असं करत तळपायापर्यंत. प्रत्येक स्थानावर तीन मिनिटं. चोवीस त्रिक बहात्तर. रोज एक तास बारा मिनिटं.

शिबिरात हे गणित कुणी फळ्यावर मांडत नाही. मांडलं तर जेवणाच्या सुट्टीनंतर सतरंज्या रिकाम्या दिसतील.

पहाटेची वेळ उत्तम, असं पुस्तकं सांगतात. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी पहाटे धारा काढायच्या नसतात. शेतकरी साधकांनी आणखी एक लक्षात घ्यावं. शेतीपंपाला थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच मिळते, त्यामुळे ब्रह्ममुहूर्ताला तुम्ही बॅटरी घेऊन हरभऱ्यात दारे धरत असता. तिथे डोळे मिटून उभं राहू नका. बांधाला जे वळवळतं त्याला चक्रं कळत नाहीत.

मग बहात्तर मिनिटं आणायची कुठून? तज्ज्ञांची युक्ती अशी: ती दिवसभरात विखरून टाका. एसटीच्या रांगेत गळ्यावर हात. तलाठी जेवायला गेला, परत यायचाय, तोवर गुडघ्यांवर हात. मुलाच्या शाळेत पालकसभा चालू असेल तर कपाळावर हात. तो तर आपोआपच जातो. बँकेत केवायसीच्या रांगेत उभे असाल तर चोवीसच्या चोवीस स्थानं होऊन वर पाच-सहा उरतात. या हिशेबाने बीड जिल्ह्यातला कोणताही प्रौढ माणूस दिवसाला दोन-दोन संपूर्ण उपचार घेतोच आहे. त्याला फक्त ते माहीत नाही.

३. घरच्यांची तयारी

साधनेला कोपरा हवा, असं म्हणतात. कोपरा मिळेल. तिथली ज्वारीची कणगी, शिलाई मशीन आणि लेकीच्या अभ्यासाचं टेबल हलवायला घरचे तयार असले म्हणजे झालं.

पहिल्या दिवशी तुम्ही डोळ्यांवर तळवे ठेवून बसाल. आई विचारेल, “काय रं, डोकं दुखायलंय का?” उत्तर देऊ नका, ऊर्जा तुटते. दुसऱ्या दिवशी छातीवर हात ठेवून बसलात की तीच आई शेजारच्याला मोटारसायकल काढायला लावील. तेव्हा मात्र उत्तर द्या. तिसऱ्या दिवशी घराला सवय झालेली असते आणि बायको म्हणते, “हात रिकामेच हायेत तर एवढा लसूण सोला.”

या वाक्याने अनेक होतकरू साधक आयुष्यातून उठले आहेत. त्यावर उपाय एकच: बायकोलाही पहिल्या पायरीला बसवा. त्यात फीमध्ये सवलत मिळते, आणि लसूण कुणीच सोलत नाही.

४. हात गरम झाले पाहिजेत

रेकी वाहू लागल्याची खूण म्हणजे तळव्यांत ऊब येते, मुंग्या येतात, जडपणा जाणवतो. एक हात पाचेक मिनिटं दुसऱ्या हातावर दाबून ठेवला की हे कुणालाही जाणवतं, पण तसं मोठ्याने म्हणायचं नाही.

आपल्याकडे ऊन एप्रिलात चाळिशी ओलांडतं. त्या दिवसांत गरम हातांवर भलता विश्वास टाकू नका. उसुईंचा डोंगर थंड होता. तसंच घरात जी माउली रोज दोन वेळा वीस-पंचवीस भाकरी थापते तिच्या तळहाताला हात लावून बघायचा मोह टाळा. तो कायम उबदार असतो, तापलेल्या तव्यावरची भाकरी ती बोटांनी उलटते, आणि तिचा शक्तिपात कुणीही केलेला नाही. अशा तुलनांनी नवख्याचा धीर खचतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र चौथीतल्या पोरांचा. विनोद समजू नका, हे घडलेलं आहे. अमेरिकेत एमिली रोझा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. रेकीची एक चुलत बहीण आहे, थेरप्युटिक टच नावाची. त्यातही हात अंगापासून थोडे वर धरून रोग्याची ऊर्जा जाणवते, असं म्हणतात. एमिलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी पुठ्ठ्याचा एक पडदा केला. त्याला खाली दोन भोकं. उपचारकांनी त्यातून दोन्ही हात पुढे काढायचे, पलीकडून एमिली नाणं उडवून ठरवणार आणि त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर आपला हात धरणार. माझा हात कुठे आहे ते सांगा, एवढाच प्रश्न. एकवीस उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तर दिलं. नुसतं अंदाजपंचे सांगितलं असतं तरी १४० बरोबर यायला हवी होती. आली १२३. हा प्रकल्प १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा पोरगी अकरा वर्षांची होती.

म्हणून सूचना: साधनेच्या वेळी घरातली तिसरी ते पाचवीची मुलं ट्यूशनला पाठवा. पुठ्ठा आणि कात्री वरच्या फळीवर ठेवा.

५. खाडा

आता मुख्य विषय. कितीही युक्त्या केल्या तरी आठव्या-नवव्या दिवशी खाडा पडतोच. कुणाच्या तेराव्याला जावं लागतं, कपिलधारला पायी जाणारं गाव तुम्हाला ओढून नेतं, लेकराला ताप येतो. शिबिराच्या नियमानुसार खंड पडला की मोजणी पुन्हा एकपासून.

खचू नका. खाडा ही रेकीतली अडचण नाही, सगळी व्यवस्था त्याच्यावरच उभी आहे. नीट विचार करा. कुणी खरंच एकवीस दिवस, पुढे तीन महिने, रोज बहात्तर मिनिटं हात ठेवून बसलं आणि तरीही कंबर दुखतच राहिली, तर मास्टरांना काय उत्तर द्यायचं? असा प्रसंग सहसा येतच नाही. कंबर थांबली तर रेकीने थांबली. नाही थांबली तर तुम्ही मधे पंचमीला माहेरी गेला होतात. औषधाच्या कंपन्यांना हे सुख नाही. गोळी घेऊन ताप उतरला नाही तर लोक गोळीला शिव्या देतात; रेकी घेऊन उतरला नाही तर ते स्वतःला देतात. म्हणून ‘सातत्य ठेवा’ हा सल्ला मास्टर इतक्या प्रेमाने देतात. ज्याची अट कुणालाच पाळता येत नाही, त्याची हमी बिनधास्त देता येते.

तेव्हा खाड्याची वही ठेवा. उपचाराची ठेवू नका. त्यात ‘आज कंबर किती दुखली’ असा रकाना आला की तीन महिन्यांनी नको ते दिसायला लागतं. वहीत फक्त खाडे आणि कारणं लिहा. तब्येतीबद्दल कुणीही काहीही विचारलं की वही उघडायची.

सातत्याचा खरा अभ्यास करायचा असेल तर तो उसाच्या फडात करावा. तिथे खाडा हाच शब्द आहे आणि त्याला दर आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली. दोघांपैकी एकजण आजारी पडून दिवस मोडला की दंड उचलीत चढतो. २०१९ साली हा दंड दिवसाला पाचशे रुपये असल्याचं बायकांनी सांगितलं होतं. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही, पोटातलं दुखणं हंगामात काढता येत नाही, आणि खासगी दवाखान्यात कुणीतरी पिशवी काढून टाकायचा सल्ला देतं. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांच्या सातत्याबद्दल कुणी प्रमाणपत्र लॅमिनेट करून दिल्याचं ऐकिवात नाही.

असो. आपण आपल्या चक्रांकडे वळू.

६. फी आनंदाने भरा

पहिली पायरी जमली नाही ना? मग दुसरीला बसा. दहावीत नापास झालेल्याला एकदम बारावीला बसवण्याची सोय आपल्या शिक्षणखात्यात नाही, रेकीत आहे.

फी जास्त वाटली तर ताकाताबाईंचं स्मरण करा. मास्टर करण्यासाठी त्या दहा हजार डॉलर घेत. १९८०च्या डिसेंबरात त्या गेल्या तोवर त्यांनी बावीस मास्टर घडवले होते. फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते, असं त्या समजावत. हे तत्त्वज्ञान आपल्या ओळखीचं आहे. खासगी क्लासवाले हेच सांगतात. विश्वातली ऊर्जा अमर्याद आणि सर्वांची आहे, पैसे पडतात ते तिच्या जोडणीचे. २०१३च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. वैश्विक ऊर्जेचं तसं नाही. तिला ना कोळसा लागतो, ना खडक्याच्या बंधाऱ्यातलं पाणी, आणि बिल मात्र पुढच्या पायरीला दुप्पट येतं.

गुरुदक्षिणा म्हणून धारूरकडच्या डोंगरातली सीताफळं नेऊ नका. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं असलं तरी मास्टरांना यूपीआय लागतं.

७. लांबची रेकी

दुसऱ्या पायरीत तीन चिन्हं देतात: चो कू रे, से हे की आणि होन शा झे शो नेन. ती गुप्त आहेत. मोबाईलवर शोधली की फक्त पहिल्या पानावर दिसतात. यातलं शेवटचं चिन्ह आपल्या जिल्ह्याच्या फार उपयोगाचं, कारण त्याने ऊर्जा लांब पाठवता येते, आणि आपली माणसं लांबच असतात. पोरगा हिंजवडीत, भाऊ चाकणच्या कंपनीत, मेहुणा कारखान्यावर. फोटो समोर घ्या, चिन्ह काढा, रेकी पाठवा. तिकीट पडत नाही, आणि गेल्यावर पोराच्या एका खोलीत झोपायचं कुठे हा प्रश्नही उरत नाही.

माणसांवर जम बसला की म्हैस, ट्रॅक्टर, ठिबकचा फिल्टर. बोअरवेलला मात्र नवख्याने हात घालू नये. त्या क्षेत्रात जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाडी आधीपासून आहे आणि त्याचा तळहातावरचा नारळ सगळ्या गावासमोर उभा राहतो. तुमच्या हातावर बघण्यासारखं काहीच घडत नाही. सहाशे फुटांवर फुफाटा निघाल्यावर पाणाड्याला जो खुलासा करता येतो तो तुम्हाला जमायला अजून दोन पायऱ्या जायला हव्यात.

८. पेटी

रोज प्रत्येकाला वेगळी रेकी द्यायला सवड नसेल तर बुटाचा खोका घ्या. इच्छा चिठ्ठ्यांवर लिहून त्यात टाका आणि सगळ्या खोक्याला एकदाच रेकी द्या. सातत्याच्या दृष्टीने हा फारच मोठा शोध आहे.

आपल्याकडच्या पेटीत साधारण काय निघतं ते सांगून ठेवतो, म्हणजे खोक्याचा आकार ठरवता येईल: पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, शिक्षकाची बदली, लेकीचं जमणं, नीटचे मार्क, बांधाची केस. गेली दोन-तीन वर्षं मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींच्या चिठ्ठ्या इतक्या आहेत की काहींनी थेट धान्याची कोठी वापरायला घेतली आहे. ठेवीच्या चिठ्ठीवर व्याजासकट की बिनव्याजी ते स्पष्ट लिहा. बिनव्याजी लिहिलेली लवकर फळते असा अनुभव सांगतात. फळलेली अजून कुणी दाखवलेली नाही.

९. श्रेयाची वेळ साधा

निम्म्याहून अधिक दुखणी आपली आपण बरी होतात: सर्दी, ढाळ, उसण, मुका मार, नवऱ्याशी झालेलं भांडण. हात ठेवायला योग्य वेळ म्हणजे दुखणं उतरणीला लागलेलं असतं ती. तापाच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं तर बाहेरगावी असा, चौथ्या दिवशी पोचा.

मोठं आजारपण असेल तर अंबाजोगाईला जा. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साऱ्या पंचक्रोशीतले रुग्ण येतात, तिथे डॉक्टर असतात, रक्त मिळतं, शस्त्रक्रिया होतात. सलाईन चालू झालं की तुम्ही कॉटच्या उशाशी उभे राहा आणि रुग्णाच्या कपाळावर हात ठेवा. हे खरंच करा. रात्री तीन वाजता वॉर्डात घाबरलेल्या माणसाच्या कपाळावर कुणाचा तरी हात असला की त्याला बरं वाटतं, त्याची धडधड कमी होते. याला वैश्विक ऊर्जा लागते असं सिद्ध झालेलं नाही. चिंता आणि नैराश्यावर रेकीचा उपयोग होतो का, हे २०१५ साली वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासलं. त्यांना विचारात घेण्याजोगे अभ्यास सापडले तीन, त्यांत माणसं मिळून १२४, आणि निष्कर्ष असा की उपयोग होतो किंवा होत नाही हे सांगायला पुरेसा पुरावा नाही. पण कपाळावरचा हात तुमचीच आईसुद्धा ठेवत होती आणि तिने त्याचे पैसे लावले नव्हते, हे रुग्णाला डिस्चार्ज मिळेपर्यंत आठवू देऊ नका.

डिस्चार्जच्या दिवशी फोटो काढा. फोटोत डॉक्टर नको.

१०. कायद्याची बाजू

थोडक्यात सांगतो, कारण यात गंमत कमी आहे. फ्लेक्स लावताना वाढदिवसाच्या फ्लेक्सएवढाच मोठा लावा, पण त्यावर मधुमेह, कॅन्सर, लकवा बरा करतो असं छापू नका. जादूई उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून केंद्राचा कायदा आहे. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. साप चावला तर चिन्ह काढत बसू नका, गाडी काढा.

आजी मीठमोहऱ्या ओवाळते तेव्हा तिला अडाणी म्हणायला विसरू नका. तुम्ही खोलीच्या चारी कोपऱ्यांत हवेत जपानी चिन्हं काढून नजर आणि नकारात्मकता घालवता, ते वेगळं. तिच्या पद्धतीत मोहऱ्या खर्च होतात.

११. कुणी विचारलंच तर

‘रेकी चालू आहे का?’ असं शिबिरातलं कुणी भेटल्यावर विचारतं. ‘चालू आहे’ म्हणा. विचारणाराही गेल्या आखाडापासून बसलेला नसतो, त्यामुळे तो खोलात शिरत नाही. दोघांनी एकमेकांकडे बघून किंचित हसायचं, डोळे क्षणभर मिटायचे आणि चहा सांगायचा. ‘ऊर्जा फार छान जाणवते तुमच्याजवळ’ एवढं म्हटलं की चहाचे पैसेही समोरचाच देतो. एवढ्यावर माणूस दहा-बारा वर्षं नियमित साधक म्हणून सहज काढू शकतो, आणि आपल्या तालुक्याच्या गावांत काढलेली माणसं आहेत. त्यातले काही आता स्वतः शिबिरं घेतात. सातत्यावर त्यांचं व्याख्यान चांगलं होतं.

शेवटची सूचना गंभीर आहे, तेवढी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उसुई ९ मार्च १९२६ला गेले, साठाव्या वर्षी, आणि ते पक्षाघाताने गेले असं सांगतात. तुम्हाला बीपी किंवा शुगर असेल तर गोळी चालू ठेवा, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, आणि तिचा खाडा पाडू नका. श्रेय हवं तर रेकीला द्या. गोळी काही म्हणणार नाही.